कापूस वेचणीवरचा कार्यक्रम

टीव्हीवाले आमच्या शेतात आले, ते स्वच्छ कापूस कसा वेचावा हे दाखवायला. सरकारी वाहिनीची जीप, कॅमेरा आणि गॉगल घातलेले एक साहेब. आमचं गाव अकोटच्या पुढचं. त्या वर्षी बोंडअळीनं निम्मं शिवार खाल्लं होतं, पण आमच्या एका वावरात कापूस बरा फुटला होता, म्हणून आमच्याकडे आले. बोलायला घरातल्या दोन बायका हव्या होत्या. मी मोठी सून आणि माझी धाकटी जाऊ.

धाकटी अमरावतीची, कॉलेज शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा वेचणीसाठी कमरेला ओटी कशी बांधायची, तेही तिला मी शिकवलं. ती घरात शुद्ध बोलायची. सासूबाई तिच्यादेखत मला म्हणायच्या, "थिचं बोलनं पाह्य कसं गोड." रंगात ती वर, शिक्षणात वर, बोलण्यात वर. माझ्याकडे राहिली होती फक्त वेचणी, आणि टीव्हीवाले नेमके त्यासाठीच आले होते.

साहेबांनी आधी मला उभं केलं. टीव्हीवर बोलायचं म्हणजे बातम्यांसारखं, हे मी धरूनच चालले होते. "शेतकरी भगिनींनो, कापसाची वेचणी प्रातःकाळी करणे हितावह असते." ताठ उभी राहून, एकदाही न अडखळता बोलले. साहेब "छान" म्हणाले आणि त्यांनी धाकटीला बोलावलं. माझं झालं होतं. मी सगळ्यांच्या चहाचं बघायला गेले. ती काय बोलली ते मी ऐकलं नाही.

कार्यक्रम रविवारी लागणार, एवढंच कळलं. वेळ कुणालाच माहीत नव्हती. मी माहेरी अचलपूरकडे निरोप धाडला, की आईला टीव्ही असलेल्या घरी नेऊन बसवा, मी दिसणार आहे. माहेरची भावकी माझ्याबद्दल कायम म्हणायची, पोरगी लई रांगडी बोलते. तेच लोक आईशेजारी बसून मला ऐकणार होते. मला एवढंच हवं होतं.

रविवारी सकाळपासून लाइट नव्हती. तेव्हा भारनियमन रोजचंच होतं. नवऱ्यानं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली आणि छोट्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीला जोडली.

"दिवसभर लावान तं बॅटरी बसून जाईन," तो म्हणाला.

"मंग किती वाजता लागते थे तुमीच सांगा."

त्यानं टीव्ही लावला, शेजारपाजारही येऊन बसला. मग आम्ही सगळंच पाहिलं. सूर्यग्रहण कसं होतं, ते एका मास्तरांनी चेंडू फिरवून दाखवलं. एका डॉक्टरांनी मीठ कमी खायला सांगितलं. हिंदीतून पोलाद वितळलं. त्यानंतर समुद्राच्या तळाचे मासे आले.

"हे मासे खातेत का?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"खातेत का म्हने. आधी वऱ्हाडात समुद्र आन," सासूबाई म्हणाल्या.

मी माशांवरही चिडले होते. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ते हलायला तयार नव्हते. आणि धाकटी ठेवणीतली साडी नेसून, पाय दुमडून अशी बसली होती, की जणू घर भरलं ते तिच्यासाठीच. तिनं मला पाणी आणून दिलं, तेही मला आवडलं नाही.

दुपार कलल्यावर आमचं वावर दिसलं. आणि वावरात ती.

"पाहा बाई, सकाळी दव असते ना, तवा पाला मऊ रायते. उन्हात वेचान तं त्याचा चुरा होते अन् कापसाले चिकटते. खताच्या पोत्यात भरू नका, त्याचा धागा निंगते. अन् डोक्शाले फडकं बांधा. कापसात केस सापडले तं सोडून द्याले व्यापारी काय तुमचा सासरा हाये का?"

घरातले सगळे हसले. हे माझं वाक्य. दर हंगामात वेचणाऱ्या बायांना मी ते ऐकवते. सूर माझा, मान हलवणं माझं, शेवटी भुवई चढवणं सुद्धा माझं. फक्त तोंड तिचं, आणि ते तोंड टीव्हीत फार चांगलं दिसत होतं. मी दिसले ते पाठमोरी, कडेला, हातात चहाची किटली. प्रातःकाळ आणि हितावह त्यांनी सगळं कापून टाकलं होतं.

"अवं, हे तं मोठीचं बोलनं होय," सासूबाई म्हणाल्या.

"ताईंचंच आहे," धाकटी लगेच म्हणाली. निदान नाकारलं असतं, तर भांडता तरी आलं असतं.

"तू काहून अशी बोलली? तुले तं शुद्ध येते," मी विचारलं.

"साहेब म्हणाले, गावातल्या बाया बोलतात तसं बोला. मला दुसऱ्या कुणाचं येत नाही, ताई. तुमचंच येतं."

मी उठून भाकरीचं पीठ घेतलं.

सोमवारी ट्रॅक्टर सुरू होईना. तो ढकलावा लागला, आणि ढकलायला आम्ही दोघी जावाही होतो. मग कापसाबरोबर ट्रॉलीत बसून अकोटला गेलो. तिथल्या पीसीओवरून मी माहेरच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. त्यांनी आईला हाक मारून बोलावलं.

"पाह्यलं का?" मी विचारलं.

"दिसते कुठं मले, मोतीबिंदू पिकला. पन आइकलं सारं. तुहा आवाज मी वळखनार नाई का? थो व्यापारी सासरा हाये का म्हनली तवा सारे हासले. मले वाटे तू घाबरशीन. बरी बोलली."

"बाकीचे काय म्हनले?"

"भावकीतली म्हातारी म्हने, पोरगी सासरी जाऊन उजळली तुमची."

धाकटी माझ्या मागेच उभी होती. तिला अमरावतीला फोन लावायचा होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी आईला औषध वेळेवर घ्यायला सांगितलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या आई?" धाकटीनं विचारलं.

"बरी बोलली म्हने," मी म्हटलं, आणि तिला जागा करून दिली.