शेवटच्या ओळीतली शाळा

मी अमेरिकेला शिकायला निघाले, तेव्हा अकोल्याच्या स्टँडवर मला निरोप द्यायला आपल्या दैनिकाचा, मी बातम्या लिहायचे तो अख्खा डेस्क आला होता. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालेलं. संपादकांनी हार घातला, वृत्तसंपादकांनी भाषण ठोकलं, आणि त्या गडबडीत एस्टी सुटता सुटता मी चढले. आई खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "काम असं कर, की लोकांनी गाव विचारावं."

ओहायोत पत्रकारिता शिकवायला काल्यो सर होते. मूळचे एस्टोनियाचे, तिथल्या वर्तमानपत्रातले. रशियन फौजा आल्या तेव्हा होडीतून निसटले ते कायमचे. त्यांनी मला तिथल्याच एका गावच्या शाळा-समितीच्या सभेला पाठवलं. मी आपल्या वळणाची बातमी लिहिली: अध्यक्षस्थानी कोण, व्यासपीठावर कोण कोण, आभार कुणी मानले. गावातली एकुलती शाळा बंद होणार, हे शेवटच्या ओळीत. सर पोट धरून हसले. "माझ्या देशात आता रोज हेच छापतात. आधी साहेब, मग माणसं. तू उलटं लिहायला शीक."

राग आला, खोटं कशाला बोलू. मग मात्र लिहीतच सुटले. रूममेट, पुण्याची इंजिनिअर, वैतागून म्हणायची, "यार, वीकेंडला तरी टाइपरायटरला रेस्ट दे."

सर निवृत्त होताना म्हणाले, माझा वर्ग हिलाच द्या. माझं शिक्षण आटोपलं होतं, व्हिसा संपत आला होता. हे जमलं नाही तर बॅग भरायची. विभागप्रमुखांना शंका, हिचे उच्चार मुलांना कळतील का? सर म्हणाले, "माझे तर अजून कळत नाहीत. बातमी कळते." शेवटी एक तास शिकवून दाखवायचं ठरलं. मी माझी ती पहिलीच बातमी सगळ्यांना वाटली आणि म्हटलं, यातली बातमी शोधा. आधी हशा पिकला, मग मुलं भांडायलाच लागली. तास संपला तरी कुणी उठेना. विभागप्रमुखही वाद घालत होते. नोकरी मिळाली.

आता अकोल्याला आले की तुम्ही डेस्कवरचे सगळे चहा पुढे करत विचारता, "परत कधी जाणार?" इकडे ओहायोत परतले की वर्गातली मुलं विचारतात, "मॅम, यू आर बॅक?" पूर्वी या दोन प्रश्नांच्या मध्ये जीव कासावीस व्हायचा. सरांची वाट बघणारं त्यांच्या देशात कुणी उरलं नव्हतं. माझी वाट दोन्हीकडे बघतात, आणि मी ते खुशाल मिरवते. एक घर मला जन्मानं मिळालं. दुसरं मी भर वर्गात, सगळ्यांच्या देखत कमावलं.