मध्ये टाळ्या नकोत

अनघा रिसबूडची आम्ही मराठी मंडळी मनापासून चेष्टा करायचो. लहानपणी पुण्यात ख्याल शिकलेली, इथे सिंगापुरात बँकेत नोकरी करणारी ही बाई चाळिशीत फ्रेंच गाण्यांच्या नादी लागली. सहा गाण्यांची एक माळ, साथीला फक्त पियानो. गाण्यांतल्या बाईचा नवरा समुद्रावर गेलाय. पहिल्या गाण्यात ती त्याची वाट बघते, सहाव्यात वाट बघणं सोडते. त्यापेक्षा एखादं नाट्यगीत म्हण की, असं आम्ही तिला येता-जाता सुनावायचो.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील अशी हमी डॉक्टर देईनात. त्याआधी सहाही गाणी सलग, आपल्या माणसांसमोर एकदा गायची, एवढंच तिने ठरवलं.

बुकित बातोक भागातल्या एका गृहसंकुलाच्या हॉलमध्ये आम्ही जमलो. पियानोवर तिची मैत्रीण मेई लिंग. आमची खोड अनघाला पक्की ठाऊक. सुरुवातीलाच तिने हात जोडले. "ही सहा मिळून एकच गाणं आहे. मध्ये वा नको, टाळ्या नकोत. शेवटपर्यंत कुणी उठू नका."

तीन गाणी सुरेख झाली. शब्द कळत नसूनही नंदाताईंनी डोळे पुसले. चौथ्याच्या मध्यावर अनघाने तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. ती पुढच्या ओळीला सावरेल म्हणून मेई लिंग वाजवत राहिली. अनघा सावरली नाही. ती आमच्याकडे बघत राहिली, एकेकाकडे.

आम्हाला वाटलं, गाण्यातली बाई थकून गप्प झाली असेल. एरवी समेआधीच माना डोलावणारे आम्ही, त्या दिवशी काय शिस्त आमची! तिचा नवरा श्रीनिवास तेवढा अर्धवट उठला, तर शेजारच्या विश्वासरावांनी हात धरून त्याला खाली बसवलं. अनघा जागची हलेना, म्हणून मेई लिंगही थांबेना. उरलेली गाणी एकट्या पियानोने संपवली. शेवटचा सूर विरल्यावर मात्र आम्ही उभं राहून कडकडून टाळ्या वाजवल्या. अनघा पियानोला धरून रडत होती. तेही आम्हाला आवडलं.

ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच. आता ती नुसती कुजबुजते.

परवा क्लेमेंटीच्या एमआरटी स्टेशनवर भेटली. मी त्या कार्यक्रमाचं कौतुक करत सुटले. तिने ऐकून घेतलं, मग माझ्या कानाशी आली.

"एक जण जरी उठला असता ना, तरी मला थांबता आलं असतं."