ओल्या बारदानाचा वास

वाइन चाखून थुंकायची असते, हे वाइनची पारख शिकवायला पुण्याहून आलेल्या सरांनी मला तीनदा सांगितलं. तरी मी थुंकलो नाही. आमच्या बुलढाण्याकडच्या उंद्रीला कुणाकडचा चहा आवडला नाही तरी घोट गिळायचा. देणाऱ्यासमोर थुंकणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. खरं तर त्या सरांच्या तोंडावर थुंकायला मला काही वाटायला नको होतं.

शाळा आठवीत सुटली. पाच वर्षं चिखलीच्या एका अडत दुकानात पोती हलवली, मग नाशिकजवळच्या या वायनरीत बाटल्या धुतल्या. मला धुण्यावरून काढून पाहुण्यांना वाइन द्यायच्या कामावर घ्यायचं की नाही, ते त्या सकाळी सर ठरवणार होते. माझं नाव मालकीणबाईंनी पुढं केलं होतं. आठवी नापास माणसासाठी एवढं कोण करतं? त्यांचे उपकार मी आजही मानतो. त्या सकाळी मात्र ते उपकारच छातीवर बसले होते. माझं चुकलं तर चारचौघांत त्यांना खाली बघावं लागणार होतं.

चार ग्लास मांडले. नाशिकची पांढरी, सोलापूरकडची लाल, कर्नाटकातली लाल, आणि फ्रान्सच्या बोर्दो भागातली, सरांनी स्वतः आणलेली. बोर्डो म्हणजे आमच्याकडं संत्र्यावर फवारायचं निळं औषध. हे मी बोललो नाही, तेवढी अक्कल होती.

"बोल," सर म्हणाले.

"कच्च्या पेरूचा वास येते, सर."

"येते," सर माझी नक्कल करत, भोवती जमलेल्या वायनरीतल्या लोकांकडं बघून म्हणाले. लोक हसले. "पुढची घे."

"जांभूळ. अन् मागून तोंड असं आवळते, बाभळीची साल चघळल्यावानी."

"पाहुण्यांना बाभळीची साल पाजणार का तू? ब्लॅकबेरी म्हण."

"ब्लॅकबेरी म्या पाह्यली नाही, सर."

"मग पाठ कर."

तिसऱ्या ग्लासाला मी भिंतीवरचा वासांच्या नावांचा तक्ता नुसता म्हणून दाखवला. ब्लॅकबेरी, व्हॅनिला, चामडं. वास घेतलाच नाही. सर म्हणाले, "आता कसं."

चौथा ग्लास नाकाशी नेला आणि मान आपोआप मागं गेली. सोयाबीनची पोती पावसात भिजली की आठ दिवसांनी बारदानाला हाच वास यायचा. तो नाकात बसलेला वास मी मेलो तरी विसरायचो नाही.

"हे खराब झाली, सर. ओल्या बारदानाचा वास आहे."

"आधीचे घोट गिळलेत यानं," सर म्हणाले. "चढली. अरे, याला मातीचा गंध म्हणतात. बुलढाण्याच्या नाही, फ्रान्सच्या मातीचा."

सगळे हसले. मालकीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"चढली नाही, सर. तुम्ही घ्या ना वास."

सरांनी घेतला नाही. बाईंनी ग्लास उचलला, हुंगला, खाली ठेवला. "याची दुसरी बाटली आहे ना? उघडा."

दुसरीत जांभूळ होतं, थोडी तंबाखू होती. बारदान कुठंच नव्हतं. मग बूच खराब असलं की वाइनला असा कुबट वास कसा लागतो, यावर सर दहा मिनिटं बोलले. जणू त्यांनीच पकडलं होतं. वर मलाच म्हणाले, "हे ओळखता यायला हवं."

काम मिळालं. पण सरांनी अट घातली: वास याला घेऊ द्या, पाहुण्यांसमोर तोंड दुसऱ्या कुणाचं ठेवा. तेव्हापासून मी आत बाटली उघडतो, हुंगतो, चाखतो, मान हलवतो. बाहेर पुण्याची एक मुलगी ब्लॅकबेरी म्हणते.

त्या आठवड्यात, सर अजून वायनरीतच होते तेव्हा, आईचा फोन आला. "काय करून राह्यला रे तू तिथं?"

"वास घेतो. चव पाहातो."

"दारूची?"

"हो."

"अन् पेत नाही?"

"थुंकतो."

"कोनाच्या समोर?"

"सरांच्या," मी म्हणालो.