पडायला शिकवणारे माधवराव सर

मी वसमतच्या शाळेत आठवीत असताना माधवराव सरांना पहिल्यांदा पाहिलं. मैदानाकडच्या खोलीत पोत्यांत सोयाबीनचा भुसा भरून, वर ताडपत्री ताणून त्यांनी गादी केली होती. सर त्या गादीवर आपणहून दाणकन पडत, उठत आणि पुन्हा पडत! ज्युदोत पहिलं हेच शिकायचं, असं त्यांनी सांगितलं आणि महिनाभर आम्हा मुलींना दुसरं काही शिकवलंच नाही. घरी, आमच्या तांड्यावर, माझे वडील हसले. "पडायला काहून शिकवून राहिले? ते तर लेकरालाबी येतंय."

पडण्याची भीती गेली की माणूस चिडून झटापट करत नाही, असं सर सांगत. लढतीआधी आणि नंतर समोरच्या मुलीला वाकून नमस्कार करायचा. ती नसेल तर आपण शिकणार कुणाकडून, हा त्यांचा प्रश्न असे. मी पहिल्या दिवशी हसत वाकले, तेव्हा सर स्वतः माझ्यासमोर गंभीरपणे वाकले. माझं हसू तिथेच थांबलं.

त्या नमस्काराचा अर्थ मला दोन वर्षांनी कळला. राज्य स्पर्धेसाठीची शेवटची निवड लढत होती. समोर आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावची रुक्मिण होती. मी तिला फेकलं, पंचांनी पूर्ण गुण दिला आणि मी जिंकले! टाळ्या चालू असतानाच सरांनी मला जवळ बोलावलं.

"तिची पाठ टेकली होती का?"

पूर्ण गुणासाठी पाठ टेकावी लागते; ती तर कुशीवर पडली होती. मी नकारार्थी मान हलवली. "मग पंचांना सांगायचं की न्हाई, ते तू ठरव," एवढंच सर म्हणाले.

मी जाऊन सांगितलं. लढत पुन्हा सुरू झाली आणि मी हरले.

वडील संतापले. दुसऱ्याच दिवशी सर एसटीने तांड्यावर आले. वडिलांनी चहा दिला आणि सुनावलंही. सर शांतपणे म्हणाले, "दादा, ती पंचांकडं निघाली तवा तिला माघारी बोलवावं, असं मलाच वाटत होतं. तिच्या जागी मी असतो तर मला जमलं असतं का, सांगता येत न्हाई." पुढच्या सरावाला मला सोडायला वडील स्वतः आले.

राज्य स्पर्धेआधी रुक्मिण सरावासाठी आमच्याकडे आली. सरांनी तिची जोडी माझ्याशीच लावली. सुरुवातीला मला ते फार जड गेलं. पंधरा दिवसांत मात्र आम्ही मैत्रिणी झालो. पुढच्या वर्षी माझीही निवड झाली. आज सरांचा वर्ग आम्ही दोघी मिळून चालवतो.

यंदा सरांनी साठी पूर्ण केली. पुढच्या महिन्यात आमच्या वर्गातल्या तीन मुली प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेला निघाल्या आहेत आणि आपण सोबत येणारच, असं सरांनी बजावून ठेवलं आहे. त्यांचे गुडघे असेच दणकट राहोत, त्यांना उदंड आयुष्य लाभो आणि आम्हाला दर वर्षी त्यांच्यासाठी गाडीत खिडकीजवळची जागा धरायला मिळो!