बाकाचं दुसरं टोक

परळच्या आमच्या चर्चमध्ये नाताळाआधीच्या एका शनिवारी दुपारी मंडळीतले पुरुष बाकांना पॉलिश करत. एका बाकाला दोघे. दोघांनी तो उचलून अंगणात न्यायचा, काचकागदाने घासायचा आणि दोन टोकांकडून चपडीचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात देत मध्यावर भेटायचं. चपडी लवकर वाळते. एकटा माणूस बैठक आणि पाठ दोन्ही सांभाळेपर्यंत मागचं सुकून जातं आणि मध्ये काळपट पट्टा उमटतो.

माझा जोडीदार लालबागला राहायचा आणि कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. मी सरकारी कचेरीत कारकून, दादरला एका खोलीत एकटा. मंडळीत नवीन आलो तेव्हा पाळकसाहेबांनी नाव विचारलं आणि लगेच काचकागद हातात दिला. त्यांची रीतच ती. सहा वर्षं आम्ही दोघांनी तोच बाक केला आणि वर्षभर त्याच बाकावर बसलो. मला चपडी जास्त लावायची सवय. तो म्हणायचा, "पुरे रे. ह्याच्यावर बसायचंय, ह्याच्यात बघून दाढी नाही करायची." रविवारी उपासनेनंतर मी त्याच्याकडेच जेवायचो. मुंबईत मला जायला दुसरं घर नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी त्याने सत्याग्रह केला आणि त्याला ठाण्याच्या तुरुंगात नेलं. चार दिवसांनी त्याची बायको माझ्या खोलीवर आली. भेटीचा अर्ज लिहायचा होता आणि सोबत कोणी लिहितं-वाचतं माणूस हवं होतं. अर्ज मी लगेच लिहून दिला. सोबतीचं मात्र कचेरीत विचारून सांगतो, असं म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली तेव्हा रजा नाकारली म्हणून सांगितलं.

मी रजा मागितलीच नव्हती. सत्याग्रह्याला भेटायला गेल्याचं साहेबाच्या कानावर जाईल, एवढीच भीती. "असू द्या भाऊ, नोकरी आहे तुमची," असं म्हणून ती गेली. ठाण्याला ती एकटीच जाऊन आली.

तो सुटला तेव्हा नाताळ जवळ आला होता. बाकांचा शनिवार आला. त्याच्यासमोर वाकून चपडी लावायची, मध्यावर त्याच्या तोंडाकडे बघायचं, हे मला जमणार नव्हतं. म्हणून मी सकाळीच चर्चमध्ये गेलो आणि आमचा बाक जागेवरच एकट्याने केला. त्यासाठी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. साहेबाने मान वर न करता सही केली.

दुपारी तो आला. वाळला होता. बाकाजवळ थांबला, मध्ये उमटलेल्या काळपट पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि दुसऱ्या एकाच्या बाकाला हात लावायला गेला. पुढच्या रविवारपासून तो त्या दुसऱ्याच्याच बाकावर बसू लागला. जेवायला ये म्हणून कोणी म्हणालं नाही. मीही उपासनेनंतर फाटकाशी रेंगाळणं सोडलं. आमच्या लांब बाकावर मी एका टोकाला बसायचो. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकर हातात घेताना माझी नजर पलीकडे जायची, आणि दर वेळी ठरवायचो की आज सांगायचं. वर्ष तसंच गेलं.

पुढच्या वर्षी बाकांच्या शनिवारी मी बाकाला हात लावला नाही. सगळे बाक बाहेर गेले, आमचा तेवढा राहिला. मी त्याच्याकडे गेलो आणि दुसरं टोक धरशील का, असं विचारलं. तो आला. बाक उचलला. सागवानी बाक, त्यात तो पुढे, माझ्याकडे पाठ करून चालत होता. दारापाशी आलो. मग म्हणालो, "तेव्हा मी रजा मागितलीच नव्हती."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "पायरी आहे. जपून."

अंगणात त्याने आपलं टोक अलगद टेकवलं, खिशातला काचकागद माझ्यासमोर ठेवला आणि आपल्या बाकाकडे परत गेला. तिथे त्याचा जोडीदार चपडी ढवळत होता.

मी तो जुना पट्टा घासत बसलो. संध्याकाळपर्यंत बराचसा गेला. बाक आत न्यायची वेळ झाली तेव्हा कोणीतरी माझ्यासमोरचं टोक धरलं. मी मान वर करून पाहिलं. पाळकसाहेब होते.