बिरेकर उस्ताज

मला लिहिण्याचा सराव नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तीही उशिरा, पंचविशी उलटल्यावर. माझ्या वर्गातली मुलं व्यक्तिचित्र लिहायचं म्हटलं की आजोबांवर किंवा हेडमास्तरांवर लिहितात. मी ज्यांच्यावर लिहितोय ते माझे नात्याचे कुणी नव्हते, त्यांची भाषा मला नीट येत नव्हती आणि त्यांचं गाव मी पाहिलेलं नाही. एवढ्या अपुऱ्या भांडवलावर लिहायला बसणं हे धाडसच आहे. पण आखातात राहून आलेल्यांना अशी माणसं नक्की भेटली असतील. त्यांनी माझ्या चुका पदरात घ्याव्यात.

दोह्यात आमच्या ऑफिसात नवा माणूस आला, की ड्रायव्हर दत्तूभाऊ त्याला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन बजावत, "उस्ताजना काय बी इचार. फकस्त 'तुमी कुठलं?' आसं इचारू नगो. च्या गार हुईल." दत्तूभाऊ तासगावकडचे. दोह्यातले सगळे रस्ते त्यांना पाठ होते आणि उस्ताजही.

आमचं ऑफिस नकाशांचं. मी आयटीआयचा ड्राफ्ट्समन, ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा ओढायचो. इंग्रजी नावं मी लिहायचो आणि अरबी नावं उस्ताज. समुद्रात भर टाकून वसवलेलं दोह्याचं वेस्ट बे तेव्हा आमच्या कागदावर जास्त आणि जमिनीवर कमी होतं. उस्ताज पॅलेस्टिनी होते. पन्नाशीचे, जाड भिवयांचे, कायम इस्त्रीच्या शर्टातले. 'उस्ताज' म्हणजे मास्तर. पूर्वी ते शाळेत शिकवायचे. मला पहिल्यांदा ऐकू आलं ते 'उस्ताद'. आता आमच्या मिरजेत उस्ताद म्हणजे एक तर गवई, नाहीतर सतारी बनवणारा. मी बरेच दिवस त्यांच्या बोटांकडे बघत राहिलो आणि शेवटी धीर करून विचारलं, "सर, आपण काय वाजवता?"

"टेबल," ते म्हणाले. "चहा वेळेवर आला नाही तर."

आमचं बोलणं इंग्रजीत आणि आखाती हिंदीत चालायचं. मी ते इथे मराठीत देतोय, त्यामुळे त्यांचा खट्याळपणा थोडा सांडणार, त्याला माझा इलाज नाही.

दत्तूभाऊंनी बजावूनही तो प्रश्न मी विचारलाच. म्हणजे विचारला नाही, आगाऊपणे उत्तरच दिलं. अकाउंटचे हन्नासाहेब हेही पॅलेस्टिनी, उस्ताजांचे जुने दोस्त. त्यांनी स्वतःचं गाव सांगितलं, "रामल्ला." ते नाव ऐकून आम्ही मराठी मंडळी खुळावलो होतो. दत्तूभाऊ तर हात जोडून म्हणाले होते, "राम आन् अल्ला एका गावात! आरं, ह्ये गाव आपल्याकडं पायजे हुतं." मला वाटलं, दोघे दोस्त म्हणजे गावही एकच. एकदा चहाला मी उस्ताजांना म्हणालो, "सर, तुमच्या रामल्लाचं नाव फार सुंदर आहे."

उस्ताजांनी कप खाली ठेवला. हन्नासाहेबांनी खुर्ची जवळ ओढली, गंमत बघायला.

"माझं गाव रामल्ला नाही," उस्ताज म्हणाले. "माझं गाव बिरे. रामल्लाच्या शेजारी नाही. रामल्ला बिरेच्या शेजारी आहे."

त्या दिवशी चहा खरंच गार झाला. बिरे म्हणजे विहीर, पाण्याची जागा. जेरुसलेमहून उत्तरेला निघालेले तांडे फार पूर्वीपासून पहिला मुक्काम तिथे करत. लहानगा येशू जेरुसलेमलाच मागे राहिला, हे त्याच्या आईच्या लक्षात आलं ते बिरेच्या मुक्कामावर, अशी तिथली आख्यायिका. "माणूस मागे राहिलाय, हे आमच्याच गावात आल्यावर कळतं," उस्ताज म्हणायचे. आणि रामल्ला? ते नंतरचं. जॉर्डन नदीपलीकडून कुणी कुटुंब आलं आणि बिरेच्या लोकांनी त्यांना टेकडीवर जमीन दिली. 'राम' म्हणजे त्या भागातल्या जुन्या भाषेत उंचवटा. हे ऐकून दत्तूभाऊ आठवडाभर नाराज होते.

"जमीन दिली नाही, आम्ही विकत घेतली," हन्नासाहेब म्हणाले. "आणि बिरे म्हणजे काय? रामल्लाचा बस स्टॉप."

आता दोन्ही गावं वाढत वाढत एकमेकांत मिसळली होती. एका रस्त्याची ही कड एका नगरपालिकेत, ती कड दुसरीत. पण अधिकारी बसायचं ठाणं म्हणून नाव झालं ते रामल्लाचं. तुर्क गेले, इंग्रज आले. इंग्रज गेले, जॉर्डन आलं. मग सदुसष्टच्या युद्धात इस्रायलने सगळंच घेतलं. प्रत्येकाने कचेऱ्या थाटल्या. उस्ताजांचं म्हणणं, त्यातल्या कितीतरी बिरेच्या जमिनीवर होत्या, पण पाटी प्रत्येक वेळी रामल्लाची.

"कारण पाटी वाचता येणारी माणसं रामल्लात होती," हन्नासाहेब.

"आणि तहान लागली की आमच्याकडे यायची," उस्ताज.

मी हे सगळं हरखून ऐकत होतो, त्याला कारण होतं. मी मिरजेचा. मिरज जुनं गाव, किल्ला आमचा, दर्गा आमचा, रेल्वेचं जंक्शन आमचं. आणि जिल्हा कुठला, तर सांगली! कलेक्टर सांगलीत, कोर्ट सांगलीत. हे मी चाचरत सांगितलं, तर उस्ताज उठून उभे राहिले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "या हबीबी, अरे दोस्ता," ते म्हणाले, "मग तू माझा भाऊ आहेस." हन्नासाहेब ताबडतोब सांगलीच्या बाजूने झाले. सांगली कुठे आहे, हे त्यांनी नंतर विचारलं.

मी त्यांना म्हटलं, "आमच्यात माणसाच्या नावाला गाव चिकटतं. मिरजेचा तो मिरजकर. तुम्ही आमच्याकडे असता तर बिरेकर झाला असता." त्यांना ते इतकं आवडलं, की त्यांनी मला फळ्यावर देवनागरीत लिहायला लावलं आणि ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवून घेतलं. त्यांच्यातही तशीच रीत होती, बिरेचा तो बीरावी. त्या दिवसापासून मी 'मिरजावी' झालो. दुपारी लांबून हाक यायची, "या मिरजावी! यल्ला, चल, चहा!" त्या चहात मरमिया नावाचा उग्र वासाचा वाळलेला पाला असायचा. पहिला घोट मला कफाच्या काढ्यासारखा लागला होता. आता मिरजेत तो मिळत नाही, म्हणून चुकल्यासारखं वाटतं.

ऑफिसात एक मोठा ॲटलास होता. त्यात रामल्लाचा ठिपका होता, बिरेचा नव्हता. उस्ताजांनी आपल्या बारीक पेनाने तिथे दुसरा ठिपका काढला आणि सुंदर अक्षरात नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली पेन्सिलीने लिहिलेलं आढळलं, 'बस स्टॉप'. उस्ताजांनी ते खोडलं नाही. "शेजारी आहे," म्हणाले, "त्यालाही काही तरी काम पाहिजे."

या सगळ्या हसण्याखिदळण्याच्या तळाशी एक गोष्ट होती, आणि ती ऑफिसात सगळ्यांना माहीत होती. हन्नासाहेब दर उन्हाळ्यात घरी जात. उस्ताज जाऊ शकत नसत. सदुसष्टचं ते युद्ध झालं तेव्हा उस्ताज दोह्यात नोकरीला होते आणि हन्नासाहेब अजून गावात होते. युद्धानंतर नव्या सत्तेने घरोघर मोजणी केली. जो घरात सापडला तो तिथला रहिवासी. जो बाहेर होता तो बाहेरचा. उस्ताजांच्या आईने मोजणीवाल्याला सांगितलं होतं, "माझा मुलगा कामाला गेलाय. याच घरातला आहे, लिही." त्याने लिहिलं नाही. तेव्हापासून स्वतःच्या घरी जायला उस्ताजांना पाहुण्याचा परवाना लागायचा. तो मागायचा घरी राहिलेल्या बहिणीने, आणि मिळाला तर उन्हाळ्यापुरता. मधल्या काळात आई गेली. त्या वर्षी परवाना मिळाला नव्हता.

मी असताना दर वसंतात बहीण अर्ज करायची आणि उस्ताज बॅग कपाटावरून खाली काढायचे. नकार आला की बॅग वर. "मला बॅगेचा व्यायाम होतो," ते म्हणायचे. मग हन्नासाहेब एकटे जायचे आणि येताना ऑलिव्ह तेलाचा डबा आणायचे. उस्ताज बोट बुडवून चाखायचे. "हे रामल्लाचं आहे."

"तुझ्या बहिणीने दिलंय!"

"मग तिने रामल्लात घेतलं असेल. स्वस्त असतं."

हन्नासाहेब कपाळाला हात लावायचे. पण मी पाहिलंय, जाण्याआधी ते उस्ताजांना विचारून घ्यायचे, कुठल्या गल्लीत जाऊ, कुणाला भेटू, कुठलं झाड बघून येऊ. आणि आल्यावर दार लावून दोघे बराच वेळ बोलत बसायचे. तेव्हा आत कुणी चहा न्यायचा नाही, असा दत्तूभाऊंचा हुकूम होता.

माझ्या कॉलेजचं बीजही उस्ताजांनीच टाकलं. मी एकदा सहज म्हणालो होतो, की परत जाऊन शिकावंसं वाटतं, पण या वयात लोक हसतील. ते नाव लिहिता लिहिता थांबले. "तुझ्या गावात शिरायला तुला कुणाचा परवाना लागतो?"

"नाही."

"विमानातून उतरलास की कुणी विचारतं, किती दिवस राहणार?"

"आई विचारते."

ते मोठ्याने हसले. मग म्हणाले, "मिरजावी, ज्याला घरी जाता येतं त्याने लोक हसतील म्हणून थांबू नये. कॉलेज कुठे आहे?"

मी मान खाली घालून सांगितलं, "सांगलीत."

"खलास!" त्यांनी पेनच खाली ठेवला. जरा विचार करून म्हणाले, "हरकत नाही. त्यांच्याकडून विद्या घे. झोपायला मिरजेत ये."

मी राजीनामा दिला त्याच उन्हाळ्यात त्यांचा परवाना आला. एका महिन्याचा. कितीतरी वर्षांनी! हन्नासाहेब बातमी घेऊन अकाउंटमधून धावत आले आणि दारातच अडखळले. उस्ताज हातातल्या नकाशावरचं नाव पूर्ण करत राहिले, शाई वाळेपर्यंत थांबले, आणि मगच त्यांनी हन्नासाहेबांना मिठी मारली. पुढचे दिवस ऑफिसात लग्नघर झालं होतं. दत्तूभाऊंनी बहिणीसाठी जरीची साडी आणली. "नेसनार न्हाईत त्या, पर पडदा तरी हुईल." उस्ताजांनी ती स्वतःच्या शर्टांच्या मध्ये घडी करून ठेवली.

विमानतळावर सोडायला दत्तूभाऊ आणि मी गेलो होतो. अम्मानपर्यंत विमान, पुढे रस्त्याने जॉर्डन नदीवरचा पूल, तो ओलांडला की बिरेची वाट. मी वाकून नमस्कार करायला गेलो, तर त्यांनी अर्ध्यातच उचललं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. माझा चेहरा बघून दत्तूभाऊ पोट धरून हसत होते. "महिन्याने तुम्ही इथे असाल, आणि मी नसेन," मी म्हणालो.

"इन्शाल्ला," ते म्हणाले. ते 'इन्शाल्ला' नेमकं कशाविषयी होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

नंतर मी मिरजेला आलो, सांगलीला प्रवेश घेतला. उस्ताज दोह्याला परतले असतील, असं धरून चाललो होतो. थंडीत दत्तूभाऊ सुट्टीवर आले आणि तासगावहून मुद्दाम मला भेटायला मिरजेत आले. चहा होईपर्यंत ते माझ्या कॉलेजची चौकशी करत राहिले. मग म्हणाले, "उस्ताज परत आलं न्हाईत."

"बरे आहेत ना?"

"बरं हाइत की. हन्नासाहेब सोता बघून आलं. बहिणीच्या घरात ऱ्हात्यात. परवाना कवाच संपला, आता गावाभायेर पडायची सोय न्हाई. कुठं कागद इचारला तर धरून पुलापल्याड सोडत्याल. हिकडं दोह्याचा व्हिसा बी गेला, नोकरी बी गेली. हन्नासाहेब लय भांडलं त्यांच्याशी. म्हनलं, येडा हाइस का, पकडलं तर कुठं जाशील?"

"मग? काय म्हणाले?"

"त्यांनाच जेवायला ठिवून घ्येतलं."

दत्तूभाऊंनी बशीतला चहा संपवला.

"हन्नासाहेब सांगत हुतं, म्हैना भरला त्या सकाळी पुलाकडं न्यायला टॅक्सी दारात आली. बहिणीनं रडत रडत बॅग आनून ठिवली. उस्ताज भायेर आलं. टॅक्सीवाल्याला अंगनात बसवलं, च्या पाजला, त्याच्या पोराबाळांची चवकशी केली. आन् टॅक्सी रिकामी लावून दिली."