हवेतलं शेत

परवा मंगळवारी खाण तपासायला सरकारी मॅडम येणार होत्या, आणि मी सकाळचा चहा तसाच ठेवून तिकडं निघालो. खाण म्हणजे आमचंच शेत... राजेश्वर गावच्या शिवारातलं. रस्त्याच्या कामाला मुरूम पाहिजे म्हणून कंत्राटदाराला करारानं दिलेलं.

करार असा की वरची काळी माती अगोदर काढून बाजूला ढीग करून ठेवायची. मुरूम संपला की खड्ड्याच्या कडा उतरत्या करायच्या, तळावर तीच माती पसरायची आणि शेत परत द्यायचं. पण माती वाहून गेली किंवा खराब झाली असली, तर नुसतं तारेचं कुंपण घालून मोकळे... शेत की कुंपण, ते ह्या तपासणीवर होतं.

आणि घोटाळा तर आम्हीच करून ठेवलेला. ढिगापाशी पाटी आहे, मातीला कुणी हात लावू नये. आम्ही दर वर्षी वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या शेतपूजेला, त्याच ढिगावर कडब्याची खोप करतो, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतो, आंबील शिंपडतो. दुसरं शेत नाही, मग जायचं कुठं? पावसाच्या तोंडाला मी मूठभर तूर आणि हुलगा पण फेकून येतो. उघडी माती बघवत नाही मला...

सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, सरकारी पाटीला फार भितो. म्हणून मॅडम यायच्या आत तूर उपटायला लागलो. एक ओळ झाली तेवढ्यात आमची मंडळी, म्हणजे बायको, मागून आली.

"ओ, कामून उपटायलाव? फुलावर आलेल्या झाडाला हात लावतेत व्हय कुणी?"

"अगं, नियम हाय."

"मग नियमाला भिऊन घरी बसा की. तुरीला कामून तरास?"

मी थांबलो. उपटलेली झाडं खाणीच्या कडेला दडवली आणि उगाच खड्ड्यात उतरलो. तळाला थोडं पाणी साठलंय, त्यावर धुकं होतं...

तिथं उभं राहून वर बघितलं. दोन पुरुष उंचीवर, मोकळ्या हवेत, एक टिटवी ओरडत चालली होती. एकदम वाटलं, ती चाललीय तिथंच माझं शेत होतं. तिथंच मी तिफण धरायचो, बैल वळवायचो... आता तिथं नुसतं ऊन. किती वेळ बघत होतो कोण जाणे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाजही वरूनच आल्यासारखा वाटला.

मॅडमच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा भानावर आलो. तरुण बाई, कलबुर्गीच्या ऑफिसातल्या, आजी सीमेकडल्या आळंदची म्हणून मराठी चांगली येते. आधीचे साहेब कडेवरून फोटो काढून जायचे. ह्या सरळ ढिगावर चढल्या.

"अप्पा, ही तूर कुणी लावली?"

पाखरांनी टाकली असंल, असं माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात मंडळी बोलली, "ह्येनीच. आन पांडव मी मांडले. काय लिहायचं ते लिवा."

मॅडमनी गुडघे टेकले. एक झाड हलकेच उकरून मुळं दाखवली, त्यांवर बारीक गाठी होत्या. म्हणाल्या, माती जिवंत आहे, मुळांनी धरून ठेवलीय. आमच्या कागदात ढिगावर गवत लावा असं लिहिलेलं असतं, ते कुणी लावत नाही... पाटी ट्रॅक्टरवाल्यांसाठी होती, माती चोरीला जाऊ नये म्हणून.

मग त्यांची नजर मोकळ्या पट्ट्यावर गेली. तिथली माती भुसभुशीत होऊन खाली घसरत होती. "आणि हे कुणी उपटलं?" आवाज कडक झाला.

मंडळीनं माझ्याकडं बघितलं. मी हात वर केला, शाळेत करायचो तसा... मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "अप्पा, आता ह्या मातीला तुमच्यापासून सांभाळा."

माती पास झाली. तूर निघाली की पसरायला घेणार आहेत. शेत आता दोन पुरुष खाली असणार, उतारावरून चालत जावं लागणार. गुडघ्यांचं कसं होईल ही काळजी आहेच...

पण ह्या वर्षीच्या वेळ अमावस्येला ढिगावर शेवटची खोप. पुढच्या वर्षी पांडव तळाला बसतील, आंबील शिंपडताना मी एक मूठ वर, हवेतही उडवणार आहे. तिथल्या शेतानंही फार वर्षं खाऊ घातलंय.